पंचवीस कुंड्यांतला हिवाळा

मनमोहन त्रिलोकेकरांनी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात महिनाभर जपून ठेवलेल्या ट्यूलिपच्या चार गड्ड्या उर्मिलाबाईंनी कांदे समजून चिरल्या, आणि त्या घरातला हिवाळा त्याच सकाळी संपुष्टात आला.

“चार कांदे चिरले, आणि डोळ्यांत एक टिपूस नाही,” उर्मिलाबाई सुरी पुसत म्हणाल्या. “तेव्हाच संशय आला मला. म्हटलं, हे कांदे नव्हेत. हे ह्यांचं काहीतरी असणार.”

“उर्मिला, त्या गड्ड्या झोपल्या होत्या गं!”

“आता कायमच्या झोपल्या. आणि ऐका, आजपासून माझ्या फ्रिजमध्ये फक्त खायच्या वस्तू राहतील. मागे त्या रोझमेरीच्या काड्या, त्याआधी महाबळेश्वरची माती. माती, अहो! दह्याच्या शेजारी!”

मनमोहनांनी चिरलेल्या फोडी एका वाटीत गोळा केल्या. छत्तीस वर्षे एका विमा कंपनीच्या तळघरातल्या दस्तऐवजांच्या खोलीत त्यांनी नोकरी केली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की आभाळ, हे त्यांना वरून खाली येणाऱ्या माणसांच्या कपाळावरून कळत असे. अशा माणसाच्या मनात ऋतू बाहेरून येत नाहीत, ते आतच साठत जातात. मनमोहनांच्या मनात डिसेंबर साठला होता. धुके, उतरती छपरे, आणि दूरवर वाऱ्याबरोबर झुकणारी लॅव्हेंडरची जांभळी शेते. हे सारे त्यांनी एका जुन्या कॅलेंडरवर पाहिले होते, आणि कॅलेंडरचे वर्ष संपले तरी ते पान त्यांनी फाडले नव्हते.

निवृत्तीनंतर दादरमधल्या त्यांच्या चार मजली इमारतीच्या गच्चीचा पश्चिमेकडचा कोपरा त्यांनी मागून घेतला. तिथून दोन टॉवरांच्या फटीत समुद्राची एक वीतभर पट्टी दिसे. तिथे त्यांनी पंचवीस कुंड्या मांडल्या आणि थंड प्रदेशांतली एकेक वनस्पती आणून तिथे लावली. हायड्रेंजिया आठ दिवस जगला. रोझमेरीने तीन आठवडे धीर धरला. खारा वारा समुद्राच्या त्या वीतभर फटीतून येई, कुंड्यांवर हात फिरवी, आणि दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपलेल्या असत. पाच वर्षांत त्या कोपऱ्यात एकही फूल उमलले नव्हते. मनमोहन मात्र रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसत. तळघराची भरपाई आकाशाने होते की नाही, हे ते तपासून पाहत असावेत.

नेमका हाच कोपरा सोसायटीचे सचिव माधव दिघे यांच्या नजरेत भरला.

मार्चच्या पहिल्या रविवारी विशेष सभा झाली. दिघे सहा फूट बाय चार फुटांची कृत्रिम हिरवळ गुंडाळून घेऊन आले, आणि गच्चीवर, मनमोहनांच्या कुंड्यांना खेटून, त्यांनी ती अंथरली. सतरंजी घालावी तशी.

“पाणी नको, खत नको, कीड नको,” ते म्हणाले. “बारा महिने हिरवीगार. मागे एक चमकता झोपाळा, बाजूला दिवे. सेल्फी पॉइंट! आणि इथे काय आहे आत्ता? पंचवीस कुंड्या आणि पंचवीस काटक्या. मनमोहनराव, वाईट वाटून घेऊ नका, पण ही बाग नाही, हे शोकगृह आहे.”

सभेत हशा पिकला. मनमोहन उठले. एरवी सभेत ते चहा आला की कप पुढे सरकवण्यापुरतेच हलत. पण त्या दिवशी त्यांच्या घशातून स्वतःलाच अनोळखी वाटणारा आवाज निघाला.

“मला मुदत द्या. सप्टेंबरातल्या वार्षिक सभेच्या दिवशी ह्या पंचविसाच्या पंचवीस कुंड्यांत फुलं असतील. एका जरी कुंडीत नसली, तरी कोपरा तुमचा. मी पुन्हा गच्चीवर पाऊल ठेवणार नाही.”

“लिहून घेतो,” दिघे चटकन म्हणाले. ठराव झाला. “आणि माझं सॅम्पल तोवर इथंच राहील. तुलनेसाठी.”

“कसली फुलं लावणार, काका?” दुसऱ्या मजल्यावरच्या अवनीने विचारले. ती आर्किटेक्ट होती आणि तिला खरोखरच उत्सुकता होती.

मनमोहनांनी टॉवरांच्या फटीकडे पाहिले. “लॅव्हेंडर,” ते म्हणाले.

*

लॅव्हेंडरचे बी कुरिअरने आले. पाकिटावर बारीक अक्षरांत सूचना होती: पेरणीपूर्वी बियांना तीस दिवस थंडी द्यावी. मनमोहनांनी फ्रिजकडे पाहिले. उर्मिलाबाईंनी मनमोहनांकडे पाहिले. विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूबाई आल्या. माहीमच्या कोळीवाड्यातून त्या गेली वीस वर्षे ह्या इमारतीत मासळी घेऊन येत. डोक्यावर पाटी, हातात बर्फाची थर्माकोलची पेटी, अंबाड्यात अबोलीची वेणी, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासून चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाणारा आवाज. उर्मिलाबाई पापलेटांचे कल्ले तपासत होत्या, तेवढ्यात मनमोहन पुढे आले.

“सोनूबाई, तुमच्या घरी ह्या पेटीत बर्फ कायम असतो का?”

“बर्फाबिगर आमचा धंदा व्हयल काय, शेट? का? तुमाला बसायचंय त्याच्यात?”

“मला नाही. हे बी ठेवायचंय. तीस दिवस.”

सोनूबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले. “मेलेला मासा बर्फात ठेवतात, शेट. जित्या बीला कशापायी कोंडता?”

“त्याला हिवाळा द्यायचाय.”

“हिवाला? दादरला?” त्या उर्मिलाबाईंकडे वळल्या. “बाय, शेट बरे हायेत ना?”

“तुम्ही ठेवा हो,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “घरात ठेवलं तर मी भाजीत टाकीन.”

“माझं आयकाल तर एक सांगू? आमच्या आंगनात अबोली हाय. खारा वारा खाऊनशी वाढलीय. बी देते मूठभर, टाका नि इसरा.”

मनमोहन सौम्यपणे हसले. मोठ्या दुःखात असलेली माणसे लहान सांत्वनाला हसतात तसे. “अबोली काय, सगळीकडेच असते, सोनूबाई. आणि तिला वास नाही.”

सोनूबाईंनी अंबाड्यातल्या वेणीला हात लावला, जणू तिने हे ऐकू नये. मग पाकीट पेटीत, सुरमईच्या शेजारी ठेवून त्या निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात जिन्यावर दिघ्यांनी सोनूबाईंना अडवले. मनमोहन दूध घेऊन वर चढत होते, म्हणून त्यांनीही ऐकले.

“अहो, परवाच्या सुरमईवर काळे काळे बारीक दाणे काय होते? आणि वास कसला? साबणासारखा!”

सोनूबाईंनी पेटीचे झाकण घट्ट दाबून बसवले. “मसाल्याची सुरमय हाय ती, शेट. नवीनच यायला लागलीय. गोड लागली का नाय?”

“लागली बरी,” दिघे नाइलाजाने म्हणाले. “पण आधी सांगत जा.”

तीस दिवसांनी सोनूबाईंनी मनमोहनांच्या हातात दोऱ्याने बांधलेली प्लॅस्टिकची पुरचुंडी ठेवली. “पाकीट भिजलं, म्हनून पिशवीत बांधलं,” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच भाव न सांगता खाली उतरल्या. मनमोहनांनी पुरचुंडी उघडली. बिया होत्या चपट्या, तपकिरी, पाकिटावरच्या चित्रातल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या.

“थंडीनं फुगल्या,” ते गहिवरून म्हणाले.

*

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी प्रत्येक कुंडीत तीन तीन बिया पेरल्या. ऊन असे होते, की गच्चीच्या फरशीवर चपला चिकटत. सतराव्या दिवशी, एका कुंडीत, मातीचा एक कण हलला. मग दुसऱ्या कुंडीत. आठवड्याभरात पंचविसाच्या पंचवीस कुंड्यांत दोन दोन हिरवी पाने उघडी पडली होती, अगदी नुकत्याच शिकलेल्या अक्षरांसारखी, गोल आणि थोडी वाकडी. मनमोहन गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पाच वर्षांत त्यांनी रोपे मरताना पाहिली होती. जन्मताना पाहिली नव्हती.

बातमी इमारतीत पसरायला अवनीचा एक फोटो पुरला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने लिहिले: ‘लॅव्हेंडर इन दादर!!!’ संध्याकाळी लोक गच्चीवर येऊ लागले. रोपे वीतभर झाली, पाने रुंद, गडद, चकचकीत झाली. कॅलेंडरवरच्या लॅव्हेंडरची पाने सुईसारखी होती, ह्याची आठवण मनमोहनांना अधूनमधून टोचत असे.

“हवामान बदललं की पान बदलतं,” ते अवनीला समजावत. “इथल्या दमटपणाशी त्यानं जुळवून घेतलंय.”

“वॉव, काका. म्हणजे हे मुंबई व्हरायटी झालं!” अवनीने एक पान बोटांत चोळले, डोळे मिटून हुंगले. “आणि काय सुगंध आहे! अगदी माझ्या उशीवरच्या स्प्रेसारखा.”

तिच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाने चोळली, आणि सगळ्यांना सुगंध आला. पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंची डोकेदुखी जागच्या जागी थांबली. एकाला गाढ झोप लागू लागली. तो खुर्ची घेऊन दुपारी तिथेच झोपू लागला. मनमोहनांनी स्वतः रोज हुंगून पाहिले होते आणि त्यांना कसलाही वास आला नव्हता. पण एवढी माणसे चुकत नसतात, तेव्हा नाक आपलेच तळघरात कायमचे बिघडले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दिघेही एकदा आले. कुंडीवर वाकले. सचिवाने मत देण्यापूर्वी दोनदा तपासावे, म्हणून दोनदा हुंगले.

“लॅव्हेंडर आहे खरं,” ते नाराजीने म्हणाले. “पण थोडा बांगड्याचा वास मारतोय.”

“समुद्रकाठचं आहे,” मनमोहन तत्परतेने म्हणाले.

पायऱ्या उतरताना दिघे अस्वस्थ दिसत होते. मनमोहनही होते, कारण बांगड्याचा वास मात्र त्यांनाही आला होता. त्याचा उलगडा आठवड्याने झाला. सकाळी अवेळी गच्चीवर गेले, तर उर्मिलाबाई पातेल्यातले मासळी धुतलेले पाणी कुंड्यांना घालत होत्या.

“उर्मिला! लॅव्हेंडरला? मासळीचं पाणी?”

“मग काय गुलाबपाणी घालू? माझ्या आईनं गिरगावात आयुष्यभर हेच घातलं. खाऊ दे पोरांना. मेल्यांची तुमच्या हातची उपासमार पाहवत नव्हती मला.”

‘पोरं’ हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला. मनमोहनांना तो दिवसभर पुरला.

*

जुलैच्या शेवटी त्यांना ताप आला आणि ते दहा दिवस गच्चीवर गेले नाहीत. अकराव्या दिवशी गेले, तेव्हा मागच्या रांगेतल्या सात-आठ कुंड्यांमध्ये हिरवी कणसे उभी होती. कणसांच्या शेंड्यांवर फुले होती. खालची फुले गळून तिथे बोंडेही वाळली होती.

फुले केशरी होती. ना लाल, ना पिवळी. संध्याकाळी समुद्राच्या त्या वीतभर पट्टीवर दोन मिनिटे थांबून जाणारा जो रंग असतो, तो. मनमोहनांनी तो रंग वीस वर्षे रोज सकाळी जिन्यात पाहिला होता, एका अंबाड्याभोवती गुंडाळलेला. पण ओळखीची वस्तू अनपेक्षित जागी भेटली की माणूस आधी तिला नाकारतो.

‘तण असणार,’ त्यांनी मनाशी ठरवले. ‘कुठूनतरी मिसळलेलं. जांभळं अजून यायचंय.’

त्यांनी कात्री आणली आणि एकेक केशरी कणीस छाटले. छाटलेली कणसे फेकायला शेजारी दिघ्यांचे सॅम्पल आयतेच अंथरलेले होते. पाच महिन्यांच्या धुळीने आणि कुंड्यांतून वाहून आलेल्या मातीने ते आता तितकेसे हिरवेगार राहिले नव्हते. मनमोहनांनी सगळी कणसे त्याच्यावर भिरकावली. त्यात थोडे समाधानही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ऑगस्टभर हेच चालले. ते छाटत, आणि रोपे फुटत. जिथे एक शेंडा कापावा तिथे दोन येत, दोन कापावेत तिथे चार. कुणी पाहू नये म्हणून त्यांनी दिघ्यांच्या सॅम्पलसकट कोपऱ्याभोवती हिरवी जाळी बांधली. ग्रुपवर अवनीने लिहिले: ‘सरप्राइज! अनावरण सभेच्या दिवशी.’ त्यावर शेजारच्या दोन इमारतींनी आम्हीही येतो असे कळवले. दिघ्यांनी अंगठा दाखवला. तो वरच्या दिशेला होता, पण मनमोहनांना तो तसा वाटला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंचविसाव्या कुंडीनेही कणीस धरले आणि त्यातून केशरी टोक डोकावले. मनमोहन कात्री हातात घेऊन खुर्चीत बसले. जांभळे आता येणार नव्हते. ते कधी निघालेच नव्हते.

उर्मिलाबाई कपडे वाळत घालायला वर आल्या, तेव्हा ते तसेच बसलेले होते.

“अबोली आहे,” मनमोहन म्हणाले. “सगळी. पंचविसाच्या पंचवीस. मी पत्र लिहितो दिघ्यांना. कोपरा घ्या म्हणून.”

“का?”

“का म्हणजे? मी सगळ्यांना लॅव्हेंडर सांगितलंय. लोकांची डोकेदुखी थांबलीय त्यानं!”

“ठरावात काय लिहिलंय? लॅव्हेंडर?”

“नाही. फुलं लिहिलंय.”

“मग अबोली काय भाजी आहे?” उर्मिलाबाईंनी कात्री त्यांच्या हातातून काढून कपड्यांच्या बादलीत टाकली. “सभा होईपर्यंत ही माझ्याकडे. पाच वर्षं मेलेल्या काड्यांना पाणी घातलंत, आणि जी जगली तिची मान कापता? बसा गप्प तिच्याशेजारी. ओळख करून घ्या.”

मनमोहन बसले. त्या दिवशी त्यांनी अबोलीकडे पहिल्यांदाच पाहिले. दुपारच्या उन्हात ती मान टाकत नव्हती. खाऱ्या वाऱ्याने तिच्या पानाची कड करपत नव्हती. उलट वारा आला की ती किंचित सरकून त्याला जागा करून देत होती, लोकलच्या बाकावर चौथ्याला देतात तशी. तिला वास नव्हता, हे खरे. कदाचित तिला काही सिद्ध करायचे नव्हते.

*

सप्टेंबरचा शेवटचा रविवार उजाडला. सभा दहाला. मनमोहन इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले आणि उर्मिलाबाई आतून बाहेर आल्या. त्यांच्या अंगावर नवी साडी होती. अबोली रंगाची.

“ही कधी घेतलीस?”

“हिंदमाताला. आषाढातल्या सेलमध्ये.”

“आषाढात?” मनमोहनांनी मनात हिशोब लावला. “आषाढात तर एकही फूल आलं नव्हतं.”

“पानं आली होती की,” उर्मिलाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. “चला, उशीर होतोय.”

गच्चीवर ऐंशीएक माणसे जमली होती. अवनी लॅव्हेंडर रंगाचा कुर्ता घालून आली होती, आणि तिने पाहुण्यांसाठी लॅव्हेंडरच्या स्वादाचे सरबत केले होते. दिघे हातात ठरावाची वही घेऊन उभे. त्यांनी मान हलवली, आणि अवनीने जाळीची दोरी ओढली.

जाळी खाली पडली, आणि कोपरा पेटल्यासारखा झाला. ऑगस्टभर छाटल्यामुळे प्रत्येक रोप झुडूप झाले होते आणि प्रत्येक झुडपावर पंधरा-वीस कणसे होती. पंचवीस कुंड्या दिसतच नव्हत्या. दिसत होती ती एक सलग केशरी लाट, भिंतीपासून कठड्यापर्यंत, आणि तिच्यामागे समुद्राची वीतभर पट्टी.

सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. मग पहिल्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, “ही तर अबोली.”

“हो,” मनमोहन म्हणाले. ते कुंड्यांपुढे येऊन उभे राहिले. “अबोलीच आहे. मला वाटलं होतं लॅव्हेंडर आहे. माझी चूक झाली. पण फुलं पंचवीस कुंड्यांत आहेत. मोजा.”

अवनीने मोजली. पंचवीस.

“एक मिनिट!” दिघे पुढे आले. “हे मान्य नाही. मे महिन्यात ह्या कुंड्यांत लॅव्हेंडर होतं. मी स्वतः हुंगलंय. दोनदा! ह्या सगळ्यांनी हुंगलंय. आज अबोली आहे. लॅव्हेंडरची अबोली होत नाही. म्हणजे जाळीच्या आड कुंड्या बदलल्या. दादरच्या फुलबाजारातून काल आणून ठेवल्या.”

“दिघे, ते कधी लॅव्हेंडर नव्हतंच,” मनमोहन म्हणाले.

“नव्हतं? मग आम्हाला वास कसला आला?”

पाने चोळलेल्या सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले. काकूंनी कपाळाला हात लावला. डोकेदुखी परत आली होती. लोक एकमेकांकडे पाहू लागले. चार महिने जे नाक शपथेवर सांगत होते, ते खोटे ठरवण्यापेक्षा मनमोहनांना खोटे ठरवणे सोपे होते. कुजबुज वाढली. मनमोहनांनी समुद्राच्या पट्टीकडे पाहून घेतले, शेवटचे पाहावे तसे.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. “पापलेट हाय गो, रावस हाय! कुटं गेली सगली बिल्डिंग?” आणि रविवारची मासळी घेऊन सोनूबाई गच्चीच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिले. पाटी खाली ठेवली.

“अगो बाय! माझी अबोली!”

“तुमची?” दिघे गर्रकन वळले. “म्हणजे ह्यांनी तुमच्याकडून आणली? कधी? काल?”

“काल कशाला? एप्रिलात बी दिलं मी.” सोनूबाईंनी एकदा मनमोहनांकडे पाहिले आणि पदराने तोंड पुसले. “शेट, रागावू नका. तुमचं ते पाकीट बर्फाच्या पान्यात इरघललं. बी सांडलं पेटीत. लई गोला करायला बगितलं, नाय गावलं. तुमी एवढ्या इश्वासानं दिलेलं. मंग म्हटलं, बीच पायजे ना मानसाला? आंगनातलं बांधून दिलं.”

“मग माझं लॅव्हेंडर कुठे गेलं?” मनमोहनांनी विचारले.

सोनूबाईंनी शांतपणे दिघ्यांकडे बोट दाखवले. “ह्यांच्या पोटात. मसाल्याची सुरमय.”

गच्चीवर जो हशा उठला, तो रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या लोकांना खिडकीत घेऊन आला. दिघे तांबडेलाल झाले, पण मागे हटले नाहीत, सचिव होते. “ही बाई त्यांच्याच घरी मासळी देते. हिची साक्ष मी धरणार नाही. पुरावा दाखवा. ही झाडं ह्याच गच्चीवर वाढली, ह्याला पुरावा काय?”

“दिघेकाका,” अवनी म्हणाली. ती कोपऱ्यात वाकून उभी होती. “तुमच्या सॅम्पलला काय झालंय?”

सगळे तिकडे वळले. सहा बाय चारच्या कृत्रिम हिरवळीतून, प्लॅस्टिकच्या पात्यांमध्ये साचलेल्या मातीतून, शेकडो इवली रोपे वर आली होती. रुंद, गडद, चकचकीत पानांची.

“ही कुणी लावली?” दिघे ओरडले. “हे माझं आहे! ह्याला कुणी हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं!”

“कुनी लावायला नको,” सोनूबाई म्हणाल्या. त्यांनी एका कुंडीतले वाळके कणीस तोडून तळहातावर घेतले, बर्फाच्या पेटीत बोटे बुडवली आणि चार थेंब त्याच्यावर शिंपडले. “बगा हां. पानी लागलं का…”

तट्! बोंड फुटले. तट्, तट्! बिया चौफेर उडाल्या. एक दिघ्यांच्या चष्म्याच्या काचेवर टणकन आपटली.

“मी ऑगस्टमध्ये कणसं छाटून तिथे टाकली होती,” मनमोहन सावकाश म्हणाले. सगळे जुळत होते, एकेक बोंड फुटावे तसे. “पावसानं फुटली असणार.”

“म्हणजे,” अवनी दिघ्यांकडे वळून म्हणाली, “काल बाजारातून आणलेल्या कुंड्या ऑगस्टमध्ये तुमच्या सॅम्पलवर बी कसं टाकतील?”

दिघ्यांनी चष्मा काढला, काच पुसली, पुन्हा लावला. वही उघडली. तिच्यात त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिले होते, ‘पंचवीस कुंड्यांत फुले’. ते प्रामाणिक गृहस्थ होते. फक्त त्यांना ते आठवायला वेळ लागे.

“ठराव पूर्ण झाला,” ते म्हणाले. “कोपरा त्रिलोकेकरांचा.”

टाळ्या झाल्या. मनमोहनांना त्या नीट ऐकू आल्या नाहीत. छत्तीस वर्षे खिडकी नसलेल्या माणसाच्या नावावर आज सबंध पश्चिम दिशा लागली होती. उर्मिलाबाईंनी अंगावरच्या साडीला शोभेलसे एक कणीस खुडून अंबाड्यात खोवले, आणि दुसरे सोनूबाईंच्या. अवनीने लॅव्हेंडरचे सरबत वाटले. ते मात्र सगळ्यांना बेचव लागले.

सॅम्पल परत नेण्यासाठी दिघ्यांनी दुकानदाराला बोलावले. त्याने हिरवळ उलटून पाहिली. मुळांनी तिच्या पाठीच्या जाळीला घट्ट विळखा घातला होता. “झाडं उगवलेला माल रिटर्न होत नाही, साहेब,” तो म्हणाला, “आमचं आर्टिफिशियल असतं.” शेवटी ती सहा बाय चारची हिरवळ मनमोहनांच्याच कोपऱ्यात राहिली. दिघे आता रोज सकाळी तिला पाणी घालायला येतात, आणि ते मासळी धुतलेले असते.

ऑक्टोबरात एक कुरिअर आले. मनमोहनांनी पाकीट उघडले. वर बर्फाच्छादित शिखरे छापलेली होती आणि खाली बारीक अक्षरांत सूचना होती. उर्मिलाबाईंनी कपाळाला हात लावला.

“पुन्हा?”

मनमोहन पाकीट घेऊन जिन्यात गेले. सोनूबाई तिसऱ्या मजल्यावर पाटी टेकवून दम घेत होत्या. मनमोहनांनी पाकीट अदबीने त्यांच्यापुढे धरले.

“चाळीस दिवस बर्फात ठेवायचंय.”

सोनूबाईंनी पाकिटाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “आनि मंग?”

“मग,” मनमोहन म्हणाले, “नेहमीसारखं.”

सोनूबाईंनी पाकीट पेटीत, सुरमईच्या अगदी शेजारी ठेवले.

“शेट,” झाकण लावताना त्यांनी विचारले, “ह्या खेपेला तगर चालंल?”